‘ए’ हे अक्षर कोणाचे?



कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक साधा प्रश्न होता. आपल्या या वृत्ताच्या शेवटच्या पानावर आपण गेली कित्येक वर्षे सभासदांच्या व्यवसायांची यादी छापत आलो आहोत. पोळी-भाजी करून देणाऱ्या भगिनी, तबल्याचे शिक्षक, पूजा सांगणारे गुरुजी, टॅक्सची कामे करणारे, घरे विकणारे, असे सगळे त्या एका पानात असतात. हे पान आता बंद करावे का, असा तो प्रश्न होता. एक पान वाचेल, झेरॉक्सचा खर्च कमी होईल, शिवाय हल्ली प्रत्येकजण फोनवरच शोधतो, असा एकंदर सूर होता. ठराव मंजूर होण्याच्या बेतात असताना मागच्या खुर्चीवरून एक आवाज आला, “मला फोनवर शोधून दाखवा बघू.”

बोलणाऱ्या भगिनींना आम्ही सगळेच काकू म्हणतो. शनिवार-रविवार परवाना असलेले एक स्वयंपाकघर भाड्याने घेऊन त्या उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या करतात. आपल्या गणेशोत्सवातला प्रसाद अनेक वर्षे त्यांच्याच हातचा आहे. चौघांनी आपापले फोन बाहेर काढले. ‘मोदक’ या शब्दाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे टाकली, तर खाली ‘मॉडेल’ आणि ‘मॉडर्न’ने सुरू होणाऱ्या सूचनांची माळ लागली. सबंध शब्द टाकला तेव्हा पाककृती आल्या. शब्दापुढे गावाचे नाव घातले तेव्हा चाळीस मैलांवरचे मिठाईचे मोठे दुकान आले. समोर बसलेल्या काकू मात्र कुठेच नव्हत्या. “म्हणजे मी आहे की नाही?” असे म्हणून त्या हसल्या. बाकी कोणाला फारसे हसू आले नाही. गेल्या वर्षभरात नव्या ऑर्डरी कमी झाल्या आहेत, स्वयंपाकघराचे भाडे मात्र वाढले आहे, हे त्यांनी नंतर चहाच्या वेळी सांगितले.

ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. हा प्रकार झाला कसा ते शोधून वृत्तात लिहा, असे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही पडलो रसायनशास्त्राचे. जाहिरातीच्या धंद्यातले आम्हाला काही कळत नव्हते. पण वाचत गेलो तसे लक्षात आले की ही गोष्ट फोनपासून सुरू होत नाही. ती जवळजवळ दीडशे वर्षे मागे जाते, आणि तिच्या मुळाशी एकच भांडण आहे: गिऱ्हाइकाच्या नजरेला पहिल्यांदा कोण पडणार?

पन्नास नावांचा एक कागद

पहिली टेलिफोन डिरेक्टरी २१ फेब्रुवारी १८७८ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी निघाली. डिरेक्टरी कसली, एक कागदच तो. त्यात पन्नास नावे होती आणि एकही नंबर नव्हता, कारण ऑपरेटरला नाव सांगितले की तो जोडून देत असे. ही नावे नुसती एकाखाली एक नव्हती. घरे वेगळी, डॉक्टर वेगळे, दंतवैद्य वेगळे, दुकाने आणि कारखाने वेगळे, असे गट पाडलेले होते. म्हणजे व्यवसायांची यादी ही टेलिफोनच्या यादीबरोबरच जन्माला आली.

पिवळ्या पानांविषयी अशी कथा सांगतात की १८८३ साली वायोमिंगमधल्या शायेन गावातल्या एका छापखान्यात पांढरा कागद संपला आणि हाताशी होता तो पिवळा कागद वापरला गेला. पुढे १८८६ मध्ये रूबेन डॉनेली यांनी शिकागोत व्यवसायांची स्वतंत्र डिरेक्टरी काढली. तिथून ‘यलो पेजेस’ हा धंदाच झाला. १९६० च्या दशकात तर पायांऐवजी बोटांना चालू द्या अशा अर्थाची तिची जाहिरात घरोघरी पोचली आणि दोन बोटांनी चालणारी ती आकृती अमेरिकेत सर्वांच्या ओळखीची झाली.

या पिवळ्या पानांत प्रत्येक सदराखाली नावे वर्णानुक्रमाने लागत. नळ दुरुस्त करणाऱ्यांच्या यादीत जो वर त्याला फोन आधी. घरात पाणी साचू लागलेला माणूस यादीच्या शेवटापर्यंत वाचत बसत नाही. म्हणून लोकांनी आपल्या दुकानांची नावे ‘ए’ने सुरू केली. मग ‘ए-वन’ आले, ‘डबल ए’ आले, ‘ट्रिपल ए’ आले. मालकाचे आडनाव काहीही असो, प्लंबर, टोइंगवाला आणि कुलपे उघडणारा हे सगळे ‘एएए’ झाले. आपल्याकडे मुलाचे नाव ठेवताना राशीचे अक्षर पाहतात, इथे दुकानाचे नाव ठेवताना डिरेक्टरीचे पाहत, एवढाच फरक.

ही युक्ती हास्यास्पद वाटेल, पण तिच्यात एक गोष्ट चांगली होती. ‘ए’ हे अक्षर कोणाच्या मालकीचे नव्हते. मोठ्या कंपनीला ते जेवढे उपलब्ध होते तेवढेच गल्लीतल्या प्लंबरला होते. मोठी चौकट घ्यायची तर पैसे मोजावे लागत हे खरे, पण साध्या ओळीतल्या क्रमाला पैसे पडत नसत.

यादी कोणाची?

क्रमाबरोबरच आणखी एक प्रश्न होता: यादी छापण्याचा हक्क कोणाचा? यावर न्यायालयांत मोठी भांडणे झाली. १९८४ मध्ये अमेरिकेतली एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी फोडण्यात आली तेव्हा यलो पेजेसचा किफायतशीर धंदा प्रादेशिक कंपन्यांच्या वाट्याला गेला. १९९१ मध्ये कॅन्सासमधल्या एका टेलिफोन कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नावे आणि नंबर वर्णानुक्रमाने नुसते मांडले म्हणून त्यावर कोणाचा कॉपीराइट होत नाही. या निकालाने दुसऱ्यांना अशा याद्या करण्याची वाट मोकळी झाली.

आपल्या मुंबईतही हेच भांडण झाले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. टाटा प्रेसने मुंबईसाठी यलो पेजेस काढली तेव्हा महानगर टेलिफोन निगमने हरकत घेतली. डिरेक्टरी काढण्याचा हक्क आमचाच, असे निगमचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयात निकाल टाटा प्रेसच्या विरोधात गेला. पण ऑगस्ट १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. व्यापारी जाहिरात हासुद्धा घटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि ती वाचण्याचा, ऐकण्याचा हक्क लोकांनाही आहे, असे न्यायालयाने सांगितले. भारतातल्या जाहिरातीच्या कायद्यात हा निकाल आजही महत्त्वाचा मानला जातो. त्याचे मूळ कशात, तर दुकानांच्या यादीत.

लगेच पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, मुंबईत ‘जस्ट डायल’ सुरू झाले. व्ही. एस. एस. मणी यांनी ते काढले. फोन करून “अंधेरीत फ्रिज दुरुस्त करणारा हवा” असे सांगितले की पलीकडचा आवाज दोन-चार नंबर देत असे. पाने उलटण्याचे कामही गेले. पण आता यादी गिऱ्हाइकाला दिसत नव्हती. तिच्यातली कोणती नावे सांगायची ते पलीकडे ठरत होते. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे तीच मोठी झाली.

आपली मंडळी कशी शोधत?

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपले लोक मोठ्या संख्येने इथे येऊ लागले, तेव्हा यलो पेजेसमध्ये त्यांच्या गरजेचे सदरच नव्हते. हिंग कोणत्या सदरात शोधायचा? सत्यनारायणाची पूजा ‘रिलिजस सर्व्हिसेस’मध्ये बघायची की ‘एंटरटेनमेंट’मध्ये? १९७० मध्ये न्यूयॉर्कहून ‘इंडिया अब्रॉड’ निघू लागले. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान उघडले. पुढे न्यू जर्सीत एडिसन आणि आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर दुकानांची रांग लागली. पण ही नावे कळत ती मुख्यतः एकमेकांकडून.

मराठी मंडळींसाठी हे काम मंडळांनी केले. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे पहिले अधिवेशन १९८४ मध्ये शिकागोत भरले. मंडळांची वृत्ते, दिवाळी अंक, अधिवेशनाच्या स्मरणिका यांत पाठीमागे जाहिराती असत, आणि त्या खरोखर वाचल्या जात. कोणाकडे भाजणी मिळते, कोण मुंजीला येतात, कोणत्या दंतवैद्याला मराठी येते, हे तिथे कळे. आमची पिढी इथे आली तेव्हा हातात संगणक होता. तरी पहिल्या आठवड्यात तांदूळ कुठे मिळतो हे सांगितले ते मंडळातल्या एका वहिनींनीच.

‘ए’ विकला गेला

वेब आले तेव्हा सुरुवातीला तिथेही याद्याच होत्या. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘याहू’ सुरू केले, तेही मुळात माणसांनी सदरे पाडून केलेली यादी होती. तिथेही वर्णानुक्रम होता. त्याच वर्षी जेफ बेझोस यांनी पुस्तके विकणारी कंपनी काढली. तिचे पहिले नाव ‘कॅडाब्रा’ होते. ते बदलून त्यांनी ‘अॅमेझॉन’ केले. नदी मोठी हे एक कारण होतेच. पण नाव ‘ए’ने सुरू झाले तर याद्यांत वर लागेल, हाही विचार त्यामागे होता. म्हणजे प्लंबरचीच युक्ती. फरक एवढाच की ती एका दुकानाने साऱ्या देशासाठी वापरली.

१९९८ मध्ये गूगल स्थापन झाले आणि वर्णानुक्रम संपला. कोणते पान वर यायचे ते इतर पानांनी त्याला किती जोडले आहे यावरून ठरू लागले. २००० मध्ये गूगलने शब्दांवर जाहिराती विकायला सुरुवात केली. आपल्या एडिसनच्या प्लंबरने ‘प्लंबर एडिसन’ एवढेच शब्द घ्यायचे. कोणी ते शोधले तर जाहिरात दिसणार, आणि पुढे तर कोणी तिच्यावर टिचकी मारली तरच पैसे पडू लागले. छोट्या दुकानांना हे सोयीचे होते. ‘प्लंबर’ हा एकटा शब्द महाग, पण ‘एडिसनमध्ये रविवारी येणारा प्लंबर’ अशी लांबलचक शब्दरचना स्वस्त पडे. कारण त्यावर बोली लावणारे थोडे. लोक आपापल्या मनाने हवे ते टाइप करत होते, आणि त्या विविधतेत छोट्याला जागा मिळत होती.

मग सूचना आल्या. केव्हिन गिब्स या गूगलच्या इंजिनिअरने, नेहमीच्या कामाबाहेरच्या प्रकल्पांसाठी कंपनी देत असलेल्या वेळेत, एक प्रयोग केला. माणूस अक्षरे टाइप करत असतानाच त्याला काय हवे असेल त्याचा अंदाज खाली दाखवायचा. डिसेंबर २००४ मध्ये ‘गूगल सजेस्ट’ या नावाने हा प्रयोग लोकांसमोर आला. ऑगस्ट २००८ पासून गूगलच्या मुख्य पानावर तो आपोआप सर्वांना मिळू लागला.

८ सप्टेंबर २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत मरिसा मायर यांनी त्याच्या पुढची पायरी जाहीर केली: ‘गूगल इन्स्टंट’. आता नुसत्या सूचना नव्हेत, तर प्रत्येक अक्षराबरोबर खालचे निकालच बदलत. गूगलचा हिशेब असा होता की दोन अक्षरे टाइप करण्यामध्ये माणसाला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात, पण पानाच्या दुसऱ्या भागावर नजर टाकायला फक्त ३० मिलिसेकंद. म्हणजे टाइप करता करता वाचायला भरपूर वेळ आहे. प्रत्येक शोधात दोन ते पाच सेकंद वाचतील असे कंपनीने सांगितले.

लोकांनी लगेच एक खेळ सुरू केला. एकच अक्षर टाकायचे आणि काय येते ते पाहायचे. ‘ए’ टाकले की अॅमेझॉन. ‘ई’ टाकले की ईबे. ‘एफ’ला फेसबुक. ‘डब्ल्यू’ला हवामान. पूर्वी जे अक्षर गल्लीतल्या प्लंबरला फुकट मिळत होते, त्यावर आता जगातले एक मोठे दुकान बसले होते. त्याने ते विकत घेतले नव्हते. ज्याला सर्वांत जास्त लोक शोधत, त्याला ते आपोआप मिळाले.

छोट्या दुकानाचे काय झाले?

त्या दिवशी जाहिरातवाल्यांत मोठी खळबळ उडाली. शोधात वर येण्याची कला आता संपली, असे काहींनी लिहूनही टाकले. गूगलमधले मॅट कट्स यांनी त्यावर सांगितले की ती संपणार नाही, पण लोकांची शोधण्याची सवय बदलेल तशी तीही बदलेल. आता मागे वळून पाहता ते बरोबर होते असे दिसते. बदल तीन ठिकाणी झाला.

पहिला बदल मोजणीत. जाहिरात ‘दिसली’ असे कधी म्हणायचे? अक्षरागणिक निकाल बदलत असतील तर प्रत्येक अक्षराला मोजायचे का? गूगलने नियम केला की माणसाने टिचकी मारली, किंवा शोधाचे बटण दाबले, किंवा टाइप करणे थांबवून निकाल तीन सेकंद तसेच राहिले, तर जाहिरात दिसली असे धरायचे. त्यामुळे मनात नसलेल्या शब्दावर माणूस क्षणभर थबकला तरी मोजणी होऊ शकत होती. ज्याचा महिन्याचा जाहिरातखर्चच शंभर-दोनशे डॉलर आहे अशा दुकानदाराला आपले आकडे का हलले हे समजणेही कठीण झाले.

दुसरा बदल शब्दांत. पूर्वी दहा माणसे एकच गोष्ट दहा तऱ्हांनी विचारत. आता चार अक्षरांनंतर खाली सूचना दिसली की दहापैकी बरेच जण तीच उचलतात. २०१८ मध्ये गूगलने सांगितले होते की या सूचनांमुळे टाइप करण्याचे काम सरासरी २५ टक्क्यांनी कमी होते, आणि सगळ्यांचे मिळून दररोज २०० वर्षांहून अधिक टाइपिंग वाचते. वेळ वाचला हे छानच. पण सगळे एकाच वाटेने चालू लागले की त्या वाटेवरची जागा महाग होते आणि आडवाटेवरच्या दुकानासमोरून कोणी जात नाही.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या फायद्याची आहे. इंग्रजी अक्षरांत ‘पुरणपोळी’ किती प्रकारे लिहितात ते आठवून पाहावे. एक शब्द की दोन, शेवटी ‘आय’ की डबल ‘ई’, मधला ‘ळ’ कसा दाखवायचा, हे ज्याचे त्याने ठरवलेले. सूचना या सगळ्यांना एका लेखनाकडे आणतात. ज्याने ते लेखन आपल्या पानावर वापरले आहे तो सापडतो. ज्याने आपल्या आवडीचे निराळे लेखन धरून ठेवले तो मागे राहण्याची शक्यता अधिक.

तिसरा बदल जागेत. गावाचे नाव टाइप करण्याची गरज उरली नाही, कारण आपण कुठे आहोत हे यंत्राला साधारण कळते. २०१५ पर्यंत अमेरिकेत फोनवरून होणारे शोध संगणकावरच्या शोधांपेक्षा जास्त झाले. फोनवर अक्षरागणिक निकाल बदलणे गैरसोयीचे होते, म्हणून जुलै २०१७ मध्ये गूगलने ‘इन्स्टंट’ बंद केले. सूचना मात्र राहिल्या, आणि त्यांत ‘नियर मी’ हे दोन शब्द सर्रास दिसू लागले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नकाशाबरोबर दाखवायच्या दुकानांची संख्या सातावरून तीनवर आली. फोनच्या पडद्यावर आणखी मावतात किती? पण चौथ्या क्रमांकाच्या दुकानाला याचा अर्थ काय झाला असेल तो आपण समजू शकतो.

२०२२ साली मॅनहॅटनमध्ये एक थाई रेस्टॉरंट उघडले. त्याच्या पाटीवर नाव काय, तर ‘थाई फूड नियर मी’. सूचनेत जे येते तेच दुकानाचे नाव ठेवले. वाचून आम्हाला हसू आले, आणि लगेच ‘एएए प्लंबिंग’ची आठवण झाली. दीडशे वर्षांनी माणूस पुन्हा त्याच जागी आला होता.

पहिले काही थेंब

सूचना ठरतात कशा? लोकांनी प्रत्यक्ष केलेले शोध, त्यांतले सध्या वाढत असलेले, आपली भाषा, आपले ठिकाण आणि आपण पूर्वी काय शोधले यांवरून, असे गूगल सांगते. त्यांना ‘सूचना’ म्हणण्यापेक्षा ‘अंदाज’ म्हणणे कंपनी पसंत करते. पण अंदाज वर्तवणाराच त्या अंदाजाप्रमाणे गोष्टी घडवून आणू लागला तर?

इथे आमचा विषय आला. आपल्यापैकी ज्यांनी बी.एस्सी. केले आहे त्यांना ऑक्झॅलिक अॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन आठवत असेल. पहिले काही थेंब टाकले की गुलाबी रंग जाता जात नाही. मास्तर सांगत, “थांबा, घाई करू नका.” मग एकदा सुरुवात झाली की पुढचा प्रत्येक थेंब पडताक्षणी रंगहीन होतो. कारण या अभिक्रियेत जे मँगनीजचे आयन तयार होतात तेच तिचा वेग वाढवतात. याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात.

सूचनांचे काम अगदी असेच चालते. लोक शोधतात म्हणून शब्द सूचनेत येतो, आणि सूचनेत येतो म्हणून आणखी लोक तो शोधतात. जो आधी मोठा आहे त्याचा वेग वाढतच जातो. काकूंच्या पात्रात मात्र पहिले थेंबच पडलेले नाहीत.

हे थेंब खोटे पाडण्याचे प्रयत्न झाले आहेत. माणसांना थोडे पैसे देऊन ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा शोधायला लावणारेही निघाले. यांत्रिक क्रमाचा गैरफायदा घेणे ‘एएए’च्या काळापासून चालत आले आहे. आणि सूचना दुकानाला बुडवूही शकते. जर्मनीत एका कंपनीच्या संस्थापकाचे नाव टाइप केले की पुढे ‘फसवणूक’ या अर्थाचा शब्द सुचवला जात होता. मे २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवले की अशा सूचनेने माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा येऊ शकते. प्रत्येक सूचना आधी तपासण्याचे बंधन कंपनीवर नाही, पण तक्रार कळल्यावर तिला दखल घ्यावी लागेल.

मग आपण काय करावे?

आमचे मत विचाराल तर दोन्ही कामे करावीत.

व्यवसाय असलेल्या सभासदांनी गूगलवरची आपली मोफत नोंद स्वतःच्या ताब्यात घ्यावी. तिचे नाव बदलत आले आहे: २०१० मध्ये ‘प्लेसेस’, २०१४ मध्ये ‘माय बिझनेस’, २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’. घराचा पत्ता दाखवायचा नसेल तर तो झाकून फक्त आपण कोणत्या भागात सेवा देतो एवढे सांगता येते. अनेक भगिनींना हे माहीत नसते आणि त्या भीतीने त्या नोंदच करत नाहीत. जवळपासची दुकाने दाखवताना जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहतो, असे गूगल सांगते. अंतर आपल्या हातात नाही. जुळणी आहे. ‘मोदक’ लिहावेच, पण ‘महाराष्ट्रीयन स्वीट्स’, ‘गणपती प्रसाद’, ‘केटरिंग’ हेही लिहावे. आपल्या शेजारचे कानडी कुटुंब पुरणपोळीला होळिगे म्हणते, तेलुगू कुटुंब बोब्बट्लू म्हणते. तीही गिऱ्हाइकेच आहेत.

प्रसिद्धी बाकीच्यांच्या हातात आहे. काकूंचे मोदक खाऊन “वा!” म्हणणारे आपण दोनशे जण असू. त्यांतल्या किती जणांनी ते दोन ओळींत लिहिले? मात्र लिहावे ते ज्यांनी पैसे देऊन घेतले आणि खाल्ले त्यांनीच. पुण्याच्या मावशींकडून पाच तारे मागवू नयेत. खोट्या अभिप्रायांवर फेडरल ट्रेड कमिशनचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे. नाते न सांगता घरच्यांनी लिहिलेले अभिप्रायही त्यात अडचणीचे ठरू शकतात. नियम नसता तरी ते बरे दिसले नसते.

आणि दुसरे काम म्हणजे आपले शेवटचे पान. ते राहावे असे आम्ही कार्यकारिणीला लेखी कळवले आहे. या पानावर चाळीस नावे असतात आणि वाचणारा चाळीसही पाहतो. मोदक शोधताना त्याला तबल्याचे शिक्षक दिसतात आणि मुलाला तबला शिकवायचा विचार तेव्हाच सुचतो. या पानावर कोणी कोणाच्या मनातला शब्द अर्ध्यावर तोडून पुरा करत नाही. दर अंकाला एका पानाचा झेरॉक्स हा त्याचा खर्च आहे, आणि तो आपल्याला परवडतो.

एक सुधारणा मात्र करावी. आपली यादीही इंग्रजी आडनावांच्या क्रमाने लागते. त्यामुळे अभ्यंकर नेहमी वर आणि वैद्य नेहमी तळाशी. हा अन्याय १८८६ पासून चालत आला असला तरी आपण तो चालू ठेवण्याचे कारण नाही. दर अंकात यादी वेगळ्या अक्षरापासून सुरू करावी, असे आम्ही सुचवले आहे. पुढच्या बैठकीत दोन्ही सूचना मतास टाकल्या जातील. सभासदांनी अवश्य यावे. काकू येणार आहेत, आणि येताना डबा आणणार आहेत.

तोवर ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी आपले नाव, कामाचे स्वरूप आणि आपण कोणत्या भागात सेवा देतो हे एका ओळीत लिहून चिटणीसांकडे द्यावे. अक्षर सुवाच्य असावे, एवढीच विनंती.

चूकभूल द्यावी घ्यावी. कळावे, लोभ असावा.